इंजिनातलं गूळखोबरं

आमच्या भिवंडीच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. परगावचे पाहुणे आले की पहिल्याच दिवशी आईला बाजूला घेऊन विचारत, "घरात काही बिनसलंय का?" बिनसलेलं काहीच नसे. मागच्या भिंतीला लागून कासमचाचांची लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड होती आणि तिथलं खडाक्-खट, खडाक्-खट पहाटेपासून रात्रपाळीपर्यंत चालू असे. तो आवाज नुसता कानाला ऐकू येत नसे, तर पाटातून वर चढे, ताटातल्या आमटीवर बारीक लाटा उठवी. "जरा मीठ वाढ" एवढंसं बोलायचं असलं तरी बेंबीच्या देठापासून बोलावं लागे. त्यामुळे मी शाळेत जायच्या आधीच दोन गोष्टी शिकले होते, एक ओरडून बोलणं आणि दुसरी, समोरच्याचे ओठ वाचणं. आई स्वयंपाकघरातून नुसते ओठ हलवून "कोथिंबीर आण" म्हणाली तरी आम्हाला ओसरीवर कळत असे. ती फार चिडली की मात्र आमच्याकडे पाठ करून बोलायची. म्हणजे तिचं मन मोकळं व्हायचं आणि आम्हाला काहीच कळत नसल्यामुळे भांडण वाढत नसे. ही सोय लूम नसलेल्या गावांत बायका कशी करतात, देव जाणे.

लाइट गेली की मात्र पंचाईत होई. सगळे लूम एका क्षणात गप्प होत, पण माणसांना गप्प व्हायला थोडा वेळ लागे. त्या मधल्या वेळात गल्लीतल्या घराघरातली अर्धी वाक्यं सगळ्यांना ऐकू येत. एकदा समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ बायकोला "तुझ्या आईने दिलेली ती घोंगडी" इथपर्यंत पोहोचले आणि लाइट गेली. पुढे वर्षभर त्यांच्या सासूबाई आल्या की आख्खी गल्ली घोंगडीकडे बघायची. मागच्या वर्षी ठाण्यात एका तरुण डॉक्टरणीने माझे कान तपासले. "आजी, तुम्ही मशीनच्या शेजारी काम करत होतात का?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही गं, मशीनच्या शेजारी जेवत होते."

अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत भूमिती शिकवायचे. फळ्यावर प्रमेय पूर्ण झालं की ते खडू खाली ठेवत, हात झटकत आणि म्हणत, "हेच सिद्ध करायचे होते." हे वाक्य त्यांच्यासोबत घरीही यायचं. दूध उतू गेलं, की आधी ते "मी म्हटलं होतं गॅस बारीक कर" असं सांगत आणि मग "हेच सिद्ध करायचे होते." मी घसरून पडले तरी हेच. शाळेतली दांडगट मुलं त्यांना चळाचळा कापायची, पण अप्पा स्वतः घरात एकाच व्यक्तीला घाबरत, ती म्हणजे माईआत्या. ती त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर फार लवकर एकटी झाली आणि आमच्याकडे राहायला आली. "राहायला आली" हे आपलं म्हणायचं, खरं तर तिने घराचा ताबा घेतला. देवघर, लोणच्याच्या बरण्या, बंब आणि अप्पा ही तिची खाती. तिचे गुडघे मात्र तिचं ऐकत नसत. दर कोजागिरीला ती वज्रेश्वरीला जाई, देवीचं दर्शन घेई आणि गरम कुंडात पाय सोडून बसे. तेवढ्यावर तिचं वर्ष निघायचं. पण एस्टीची पायरी दर वर्षी तिला जरा जास्त उंच वाटू लागली होती.

अप्पांनी गाडी घेतली ती तेवढ्यासाठीच, असं ते सांगत. गावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा ती त्यांच्याकडून घेतली. तेव्हा रस्त्यावर दोनच जातींच्या गाड्या दिसायच्या, एक साहेबांची पोटमोठी आणि दुसरी आमच्यासारख्यांची लहान. आमची लहान होती, आणि तिचा रंग पूर्वी बिस्किटी असावा. अप्पा गाडी चालवत ते श्वास रोखून. गिअर बदलताना बोलायचं नाही असा नियम होता. गाडीला एकच खोड होती, धामणकर नाक्यावर येऊन बंद पडायची. आजूबाजूला एवढे रस्ते, एवढी मोकळी मैदानं असताना ती नेमकी तिथेच मान टाकायची, जिथे चहूबाजूंनी ट्रक, रिक्षा, सुताचे गठ्ठे लादलेल्या हातगाड्या आणि अप्पांचे आजी-माजी विद्यार्थी असत. "मास्तर, धक्का मारू का?" म्हणत ते धावून येत. ज्यांना अप्पांनी कधीकाळी बाकावर उभं केलं होतं, ते जास्त हौसेने ढकलत.

आणि मला ती गाडी चालवायची होती. इतकी, की रात्री झोपताना मी उशीच्या जागी स्टिअरिंग आहे असं समजून वळणं घेत असे. बारावीची परीक्षा झाल्यावर एकदा भलत्याच आनंदात असताना अप्पांनी मला नेऊन शिकाऊ लायसन्स काढून दिलं. घरी येईपर्यंत त्यांचा आनंद उतरला असावा. "आधी बॉनेट, नंदा, मग स्टिअरिंग," ते म्हणाले. "जिला प्लग काढून, पुसून, वायरी जिथल्या तिथे लावता येतात, तिनेच गाडी चालवावी." मी नाक्यावरच्या बब्बू मिस्त्रीकडे जाऊन ते शिकले. गाडीला चार प्लग. एकेका प्लगवर रबरी टोपी घट्ट बसलेली, त्या टोपीतून वायर निघते आणि त्या वायरीतून ठिणगीला लागणारा करंट येतो. टोपी धरून ओढायची, वायर धरून नाही, आणि वायरींची अदलाबदल होऊ द्यायची नाही. अदलाबदल होऊ नये म्हणून मी चाचांच्या शेडमधून चार रंगांचं सूत आणून एकेका वायरीला बांधलं होतं. लाल पहिली, पिवळी दुसरी. लूमवाल्यांच्या गावात खूण म्हटली की दोराच आठवतो. ते जमलं तेव्हा अप्पांनी कार्ब्युरेटर काढला. कार्ब्युरेटर जमला तेव्हा बॅटरी. प्रमेय काही संपेना, आणि मी मागच्या सीटवरच.

तर अशात दसरा आला. चाचांच्या शेडमधले तेलुगू कामगार त्या दिवशी लूम धुऊनपुसून त्यांची पूजा करत. चाचा स्वतः नमाजी माणूस, पण कामगारांसाठी नारळ आणि पेढे तेच आणून देत, आणि आमच्याकडे प्रसादाची पुडी पोहोचती होई. आमच्या घरी अप्पांचा लाकडी कंपास आणि कोनमापक, आईची शिलाई मशीन, माझी पुस्तकं आणि यंदा पहिल्यांदाच गाडी, अशी पूजा होती. माईआत्याने गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग तिने बॉनेट उघडायला लावलं, इंजिनाला कुंकवाचं बोट लावलं आणि आम्हा सगळ्यांना "जा, ताटं घ्या" म्हणून आत पिटाळलं.

पुढे काय झालं हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं, पण मी ते आत्ताच सांगून टाकते. आत्याला वाटलं, लूमला नारळ मिळतो, पेढा मिळतो, आणि आपल्या गाडीला नुसतंच कुंकू? तिने गुळाचा चांगला मुठीएवढा खडा आणि खोबऱ्याचे तुकडे इंजिनाच्या डोक्यावर, चारही प्लगांच्या मधोमध ठेवले, हात जोडले आणि बॉनेट लावून टाकलं. नैवेद्य काढून घ्यायचा असतो हे जिला रोज देवघरात आठवायचं, ती तो तिथून काढायला विसरली. की गाडी तो आतल्या आत खाईल असं तिला वाटलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

दुपारी आम्ही कल्याणला सोनं द्यायला निघालो. जाताना गाडीत फार छान वास सुटला. आई म्हणाली, "कुठे तरी चिक्की करतायत." अप्पा खूश होते. "इंजिनाला गोड वास येणं हे चांगलं लक्षण आहे," ते म्हणाले. कशावरून, ते त्यांनी सांगितलं नाही. मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसलेली माईआत्या खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मी वाचले. रामरक्षा चालली होती. परत येताना गोड वासाचा करपट वास झाला, मग गाडी फट्-फट् करून उचक्या देऊ लागली आणि धामणकर नाक्यावर, देवीच्या मिरवणुकीपुढे, बँडच्या ऐन तालात बंद पडली. विद्यार्थी धावले. बँडवाल्यांनी सुद्धा मास्तरांच्या मानाप्रमाणे चाल बदलली. गाडी धक्क्यावर घरापर्यंत आली, पुढे झेंडूची माळ आणि मागे निम्मी मिरवणूक. अप्पा स्टिअरिंगवर ताठ बसले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "गाडी विकायची. कल्याणचा एक टॅक्सीवाला मागतोय, कोजागिरी झाली की त्याला बोलावतो. ही गाडी आपल्या कामाची नाही, हेच सिद्ध करायचे होते." ज्या गाडीचे प्लग मी डोळे मिटून काढू शकत होते, ती मला एकदाही न चालवता जाणार होती. मी सगळा धीर गोळा करून ओरडले. रागाने नव्हे, लूम चालू होते म्हणून. "अप्पा, मला कोजागिरीपर्यंत द्या! मी ती चालू केली, तर विकायची नाही आणि वज्रेश्वरीला मी चालवत न्यायची!" अप्पांनी आमटीचा भुरका मारला. त्यांना खात्री होती की गाडी चालू होत नाही, म्हणून ते "ठीक आहे" म्हणाले. आत्या पानावर मान खाली घालून बसली होती. तिने दोनदा ताक मागितलं. एरवी ती ताक एकदाच घेई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॉनेट उघडलं. प्लगांच्या भोवती काळंकुळ्ळ, चकचकीत काहीतरी साचून दगडासारखं घट्ट झालेलं. मला वाटलं, तेल जळलंय. पहिली टोपी दोन बोटांनी धरून फिरवली. हलेना. दोन्ही हातांनी धरली. हलेना. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या एकजात. जणू त्या प्लगांशी त्यांचं लग्न लागलं होतं. मी फडकं गुंडाळलं, पक्कड आणली, पक्कडीला फडकं गुंडाळलं. माझ्या तळहाताला फोड आले. आईने ओसरीवरून ओठांनी विचारलं, "पोहे खातेस का?" मी ओठांनी म्हटलं, "नको." रडू येत होतं, पण टोपी काही येत नव्हती.

अप्पा शाळेतून आले. एखादा चुकलेला कोन सुधारायचा असावा तसे ते बाह्या सरसावून पुढे झाले. "बळ नाही, दिशा महत्त्वाची," असं म्हणून त्यांनी मला लंब, कर्ण आणि बलाची रेषा समजावून सांगितली. मग एक पाय बंपरला टेकवला आणि लंबदिशेने जी ओढ दिली, ती थेट मागच्या तुळशीच्या कुंडीपर्यंत गेली. ते कुंडीत बसले होते आणि त्यांच्या हातात वायर होती. नुसती वायर. टोपी जिथल्या तिथे प्लगवरच. मी म्हटलं, "अप्पा, टोपी धरून ओढायची, वायर धरून नाही." धोतराची माती झटकत ते म्हणाले, "मला माहीत आहे."

तोपर्यंत कासमचाचा कुंपणाच्या फटीतून आले होते. उंच, मेंदी लावलेली दाढी, बनियनवर सुताचे धागे. आमचं कुठलंही संकट चाचांशिवाय पूर्ण होत नसे. ते वाकून बघत राहिले, नाकाने दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "मास्तर, तेल टाकून बघू. लूमचा बोल्ट पन असाच अडकतो, तेल टाकला की निंगतो." त्यांनी लूमचं तेल आणून ओतलं. सगळं जास्तच चकचकीत झालं, पण टोप्या हलल्या नाहीत. तेल मुरावं म्हणून दोन दिवस वाट बघितली, आणि कोजागिरीच्या आदल्या सकाळी नाक्यावरून बब्बू मिस्त्रीला बोलावणं गेलं. त्याने आत डोकावून जिभेने चक्-चक् केलं. मिस्त्री मंडळींचा तो आवाज मला आजही कुठल्याही डॉक्टरच्या गंभीर चेहऱ्यापेक्षा जास्त घाबरवतो. "मास्टरजी, ये तो जम गया है," तो म्हणाला. "चारों वायर काटना पड़ेगा. प्लग भी टूटेगा. फिर हेड खोलो, मशीन में डालो. एक काम करो, बेच डालो."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, पण माझा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. बब्बूने पिशवीतून कातर काढली.

ओसरीच्या पायरीवर माईआत्या माळ घेऊन बसली होती. गेले दोन-तीन दिवस ती तिथेच बसत होती, आणि आमच्या घरातल्या माणसाला एवढ्या अंतरावरून ओठ वाचायला काहीच अडचण नव्हती. "काटना पड़ेगा" तिने वाचलं. कातर बघितली. मग माझ्याकडे बघितलं आणि नंतर स्वतःच्या गुडघ्यांकडे. माळ पदरात ठेवून ती उठली आणि आत गेली. मला वाटलं, हे बघवत नाही म्हणून गेली.

ती गेली होती बंबाकडे. परत आली तेव्हा तिच्या हातात वाफाळत्या पाण्याची तपेली होती, पदर कमरेला खोचलेला आणि चेहऱ्यावर कुणाला काही विचारायची सोय नसलेला करारीपणा. "बाजूला व्हा," ती म्हणाली. लूमच्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू आलं.

"माई, अगं इंजिनात पाणी?" अप्पा ओरडले.

"वसंता, बाजूला हो म्हटलं ना."

शाळेचा भूमितीचा शिक्षक बाजूला झाला. मिस्त्रीही कातर घेऊन दोन पावलं मागे सरला. आत्याने डोळे अर्धे मिटले आणि ओठांत काही तरी पुटपुटत इंजिनावर पाण्याची बारीक धार धरली, अगदी सोमवारी महादेवावर धरायची तशी. पहिल्यांदा नुसती वाफ उठली. मग त्या वाफेत तोच वास आला, दसऱ्याच्या दुपारचा. गाडीखालून तांबूस पाणी वाहू लागलं. तपेली रिकामी झाली, आईने न विचारता दुसरी आणून दिली. आत्याने तीही ओतली आणि तशीच उभी राहिली. "आता ओढू नका. पाकाचं पातेलं कधी ओढून निघतं का? भिजू दे."

वाहणाऱ्या पाण्याबरोबर एक काळपट तुकडा खाली आला आणि चाचांच्या चपलेपाशी थांबला. चाचांनी तो उचलला, बोटांनी पुसला, उजेडात धरला. "मास्तर," ते अगदी आदराने म्हणाले, "तुमच्या गाडीत खोबरा हाय."

अप्पांनी तो तुकडा बघितला, तांबूस ओघळ बघितला, आणि मग हळूहळू मान वळवून बहिणीकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते माईआत्यावर ओरडणार, असं मला वाटलं. तसं त्यांनी तोंडही उघडलं.

"मग काय गाडीला उपाशी ठेवायची?" आत्याने आधीच विचारलं. "शेजारच्या लूमला नारळ, पेढे. आपली गाडी एवढं ओझं ओढते, सणाच्या दिवशी तिच्या तोंडात गोडाचा घास नको?" बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, मीच तिला मारली. मला चार दिवस झोप नाही रे, वसंता."

माईआत्याच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. अप्पांनीही बघितलं नसावं. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्या घरात ती रीत नव्हती, म्हणून मी इंजिनावर ओणवी झाले. पहिली टोपी दोन बोटांनी धरली, जरा फिरवली. ती पच्कन वर आली, आणि तिच्यामागे पाकाची लांब तार. मग दुसरी. मग तिसरी, जिची वायर अप्पांच्या हातात आली होती. मग चौथी. बब्बू मिस्त्रीने कातर पिशवीत ठेवली आणि तार बोटावर घेऊन चाखली. "दो तार की चाशनी है," तो म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ हलवाई होता.

मी प्लग काढले, घासले, चाचांच्या शेडमधल्या टाकाऊ सुताच्या बोळ्यांनी सगळं कोरडं केलं, दुपारभर उन्हात ठेवलं. बब्बूने तुटलेली वायर टोपीत नीट बसवून दिली. लाल पहिली, पिवळी दुसरी, हिरवी, निळी. सूत मळलं होतं पण सुटलं नव्हतं. संध्याकाळी मी ड्रायव्हरच्या जागी बसले आणि किल्ली फिरवली. गाडी हलली, थरथरली. चालू झाली की नाही, हेच कळेना. बब्बू बॉनेटवर कान ठेवून उभा राहिला आणि त्याने हात हलवले. तीनच प्लग चालतायत की चारही, हे आवाजावरूनच कळतं आणि शेडमध्ये तर सगळे लूम दणाणत होते. इकडे अप्पा आत्याच्या कानाशी तोंड नेऊन काही तरी ओरडून सांगत होते.

चाचांनी बब्बूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लांब ढांगा टाकत शेडमध्ये गेले. चालते लूम असे मध्येच थांबवले की कापडात आडवी रेघ पडते आणि तो तागा कमी भावात जातो. हे भिवंडीत लहान पोरालाही माहीत असतं. चाचांनी मेन स्विच खाली ओढला.

गल्ली गप्प झाली. आणि त्या शांततेत, लाइट गेल्यावर व्हायचं तसंच, एक अर्धं वाक्य सगळ्यांना ऐकू आलं. आवाज अप्पांचा होता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा.

"...गाडीचं काय घेऊन बसलीस! नंदाला काही झालं तर? मला भीती वाटते गं माई!"

समोरच्या घोंगडीवाल्यांच्या खिडकीत दोन डोकी आली. कुंपणापलीकडे कामगार उभे होते. अप्पांचे दोन विद्यार्थी सायकली धरून उभे होते. माझे हात स्टिअरिंगवर होते आणि मला एकदम सगळं समजलं. बॉनेट, कार्ब्युरेटर, बॅटरी, न संपणारं प्रमेय. इतके महिने मला वाटत होतं की त्यांना माझ्यावर विश्वास नाही.

त्याच शांततेत इंजिनाचा आवाजही होता. एकसारखा, मऊ, मांजर घुरघुरावं तसा. बब्बूने चार बोटं वर केली.

माईआत्याने धाकट्या भावाकडे बघितलं. "भीती वाटते ना? मग भी," ती म्हणाली. "नको कोण म्हणतंय? पण मागच्या सीटवर बसून भी."

चाचा शेडच्या दारातून म्हणाले, "मास्तर, माजा पोरगा स्कूटर चालवतो. मी रोज भितो. तो रोज येतो." आणि आत जाऊन त्यांनी स्विच वर केला. तो रेघ पडलेला तागा त्यांनी पुढे बाजारात पाठवलाच नाही, आईला दिला. तिने त्याची गाडीच्या सीटना कव्हरं शिवली. आडवी रेघ बरोबर ड्रायव्हरच्या पाठीवर येत असे.

कोजागिरीच्या सकाळी आम्ही निघालो. माईआत्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. "अगं, शिकाऊ आहे ती, शेजारी लायसन्सवाला हवा, कायदा आहे," अप्पा म्हणाले. "कायद्याला म्हणावं माझे गुडघे मागे मावत नाहीत," आत्या म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं. अप्पा आईशेजारी मागे बसले, दोन्ही हातांनी माझ्या सीटची पाठ धरून. आत्याच्या मांडीवर डबा होता. त्यात गूळखोबरं, देवीसाठी.

पहिल्या वळणाला अप्पांनी श्वास रोखला, तो मला मानेवर जाणवला, म्हणजे जाणवायचा थांबला. पुढे नाका. सकाळचीच वेळ, पण ट्रक आडवे, रिक्षांची रांग, सुताची हातगाडी नेमकी माझ्यापुढे, चारी बाजूंनी लूमचा आणि हॉर्नचा गदारोळ. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. कडेला चहाच्या टपरीवरचे विद्यार्थी गाडी बघून कप खाली ठेवून उठलेच, बाह्या मागे सारत. मी क्लच हळूहळू सोडला. गाडीने एकदा मान हलवली आणि निघाली. हातगाडीला वळसा घालून, ट्रकच्या मागून, नाका ओलांडून पलीकडे. विद्यार्थी तसेच उभे राहिले, जरा हिरमुसलेले.

आता माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं तर काळ्या प्लास्टिकचं झाकण दिसतं. प्लग कुठे, वायरी कुठे, कळत नाही, आणि गूळ ठेवायला जागाही नाही. अप्पा गेले, आत्या त्यांच्याही आधी गेली, चाचांच्या शेडच्या जागी गोदाम झालं आणि गल्ली आता इतकी शांत आहे की मला तिथे झोप लागत नाही. पण धामणकर नाका ओलांडताना अजून माझी नजर आपोआप आरशाकडे जाते. कारण त्या सकाळी नाका मागे पडल्यावर मी आरशात बघितलं होतं. आई डोळे मिटून बसली होती. अप्पांनी माझ्या सीटवरचे हात सोडले होते आणि खिडकीबाहेर बघत, त्या सगळ्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, ते स्वतःशीच काही तरी बोलले. आपल्या घरात सगळ्यांना ओठ वाचता येतात, हे ते विसरले असावेत. त्यांनी मांडीवरची न दिसणारी खडूची धूळ झटकली, आणि ओठ हलले.

"हेच सिद्ध करायचं होतं."